इस्रायल-पॅलेस्टाईन संघर्ष : राजकीय तोडगे कोणते आणि ते कुठे अडतात?

इस्रायल-पॅलेस्टाईनचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा पाच मिनिटांत घोषणांवर येते. कोण बरोबर आणि कोण चूक यावर तासभर वाद होतो. पण "मग उद्या तिथे नेमके काय व्हावे?" असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. युवकांच्या एका अभ्यास गटात मी हा प्रश्न टाकला, तेव्हा एका मुलाने लगेच उत्तर दिले, "दोन देश करून टाका." सीमा कुठे आखायची, जेरुसलेम कोणाला द्यायचे, निर्वासितांचे काय करायचे, असे विचारल्यावर तो म्हणाला, "हे तर मला माहीतच नव्हते." त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला. हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या कार्यकर्त्यांसाठी आहे. आतापर्यंत कोणते राजकीय तोडगे पुढे आले, त्यांत काय आहे आणि ते कुठे अडले, याची ही मांडणी आहे.

कोणत्याही तोडग्याला विचारायचे पाच प्रश्न

जॉर्डन नदी आणि भूमध्य समुद्र यांच्यामधल्या छोट्याशा भूभागावर आज सुमारे सत्तर लाख ज्यू आणि जवळपास तेवढेच पॅलेस्टिनी राहतात. त्यातले सुमारे वीस लाख पॅलेस्टिनी इस्रायलचे नागरिक आहेत. बाकीचे वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझा पट्टीत आहेत. या सगळ्यांना लागू पडेल असा कोणताही तोडगा असो, त्याला पाच प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात.

१. सीमा कुठे असेल?
२. जेरुसलेम कोणाचे असेल?
३. १९४८ आणि १९६७ मध्ये विस्थापित झालेल्या निर्वासितांचे काय होईल?
४. १९६७ नंतर ताब्यातील भूभागात बांधलेल्या इस्रायली वसाहतींचे काय होईल?
५. दोन्हीकडच्या सामान्य माणसाच्या जिवाची हमी कोण देईल?

एखादा नेता "शांतता हवी" म्हणतो तेव्हा या पाचांपैकी किती प्रश्नांवर तो बोलतो, ते पाहावे. त्याचा हेतू तिथेच कळतो.

थोडी पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धाच्या काळात, २ नोव्हेंबर १९१७ रोजी, ब्रिटनने बाल्फोर जाहीरनाम्याद्वारे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या 'राष्ट्रीय घरा'ला पाठिंबा दिला. त्या वेळी तिथली मोठी बहुसंख्या अरबांची होती. युरोपातील ज्यूद्वेष आणि पुढे हिटलरने केलेला साठ लाख ज्यूंचा संहार यांमुळे ज्यूंना स्वतःचे राज्य हवे ही मागणी तीव्र झाली. दुसरीकडे, युरोपने केलेल्या पापाची किंमत आम्ही का मोजायची, हा अरबांचा प्रश्न होता. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक मान्य करण्यासाठी दुसरी नाकारण्याची गरज नाही.

१९३७ मध्ये ब्रिटनच्या पील आयोगाने प्रथम फाळणी सुचवली. १९४७ मध्ये प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे गेला. अकरा देशांची समिती नेमली गेली आणि भारत तिचा सदस्य होता. भारताच्या वतीने न्यायमूर्ती अब्दुर रहमान तिच्यात होते. सात देशांनी फाळणी सुचवली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तीन देशांनी वेगळा प्रस्ताव दिला : ज्यू आणि अरब प्रांत असलेले एकच संघराज्य आणि जेरुसलेम त्याची राजधानी. ऑस्ट्रेलिया तटस्थ राहिला. आपल्याच देशाने मांडलेला हा पर्याय आज आपल्याकडे फारसा कोणाला आठवत नाही.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी आमसभेने ठराव १८१ द्वारे फाळणीची योजना ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केली. भारताने विरोधात मत दिले. लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश असलेल्या ज्यूंच्या राज्याला निम्म्याहून अधिक भूभाग मिळणार होता आणि जेरुसलेम आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली राहणार होते. ज्यू नेतृत्वाने योजना स्वीकारली, अरब नेतृत्वाने नाकारली. १४ मे १९४८ रोजी इस्रायलची घोषणा झाली आणि शेजारच्या अरब देशांनी युद्धात उडी घेतली. १९४९ च्या शस्त्रसंधीनंतर पॅलेस्टाईनचा सुमारे ७८ टक्के भाग इस्रायलकडे होता. सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. ते या घटनेला 'नकबा' म्हणजे महाआपत्ती म्हणतात. पुढच्या काळात अरब देशांतील लाखो ज्यूंनाही आपली घरे सोडावी लागली आणि त्यातले बरेच इस्रायलमध्ये आले.

उरलेला २२ टक्के भाग, म्हणजे वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझा, इस्रायलने जून १९६७ च्या युद्धात घेतला. राजकीय तोडग्याची आजची जवळपास सगळी चर्चा या २२ टक्क्यांभोवती फिरते.

तोडगा पहिला : दोन राष्ट्रे

१९६७ पूर्वीच्या रेषेवर इस्रायलशेजारी स्वतंत्र पॅलेस्टाईन, हा सर्वाधिक आंतरराष्ट्रीय मान्यता असलेला तोडगा आहे. त्याचा पाया सुरक्षा परिषदेच्या नोव्हेंबर १९६७ च्या ठराव २४२ मध्ये आहे : ताब्यातील प्रदेशातून माघार आणि त्या बदल्यात सर्व देशांना सुरक्षित सीमांमध्ये राहण्याचा हक्क. यालाच 'जमिनीच्या बदल्यात शांतता' म्हणतात. इजिप्तच्या बाबतीत हे सूत्र चालले. १९७९ च्या करारानंतर इस्रायलने १९८२ पर्यंत सिनाई परत केले आणि तो करार आजही टिकून आहे.

पॅलेस्टिनींनी ही वाट १९८८ मध्ये धरली. पहिला इंतिफादा म्हणजे जनतेचा उठाव सुरू असताना, १५ नोव्हेंबर १९८८ रोजी अल्जिअर्स येथे पॅलेस्टाईन राज्याची घोषणा झाली. भारताने त्याच महिन्यात त्याला मान्यता दिली. सप्टेंबर १९९३ मध्ये ओस्लो प्रक्रियेत पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेने (पीएलओ) इस्रायलचे अस्तित्व मान्य केले. इस्रायलने मात्र पीएलओला पॅलेस्टिनींचा प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली, त्यांच्या राज्याला नाही. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१९९५ च्या दुसऱ्या ओस्लो कराराने वेस्ट बँकेचे तीन भाग केले. सुमारे १८ टक्के 'अ' विभागात कारभार आणि पोलीस दोन्ही पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे आले. सुमारे २२ टक्के 'ब' विभागात कारभार प्राधिकरणाकडे, पण सुरक्षेचा अंतिम अधिकार इस्रायलकडे राहिला. सुमारे ६० टक्के 'क' विभाग पूर्णपणे इस्रायली नियंत्रणाखाली राहिला. ही व्यवस्था पाच वर्षांसाठी तात्पुरती होती. आज तीस वर्षांनंतरही तीच चालू आहे. वर दिलेले पाच कठीण प्रश्न 'नंतर ठरवू' म्हणून बाजूला ठेवले गेले, आणि ते 'नंतर' कधी आलेच नाही.

अतिरेक्यांनीही आपला वाटा उचलला. फेब्रुवारी १९९४ मध्ये हेब्रॉनच्या मशिदीत एका ज्यू वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. हमासने आत्मघाती स्फोटांची मालिका चालवली. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी पंतप्रधान यित्झाक राबिन यांची हत्या झाली, तीही एका ज्यू कडव्याच्या हातून.

जुलै २००० मध्ये कॅम्प डेव्हिड येथील बोलणी फिसकटली. डिसेंबरमध्ये क्लिंटन यांनी आपली चौकट मांडली : वेस्ट बँकेचा ९४ ते ९६ टक्के भाग आणि काही जमिनीची अदलाबदल, जेरुसलेमच्या अरब वस्त्या पॅलेस्टाईनकडे आणि ज्यू वस्त्या इस्रायलकडे. तोवर दुसरा इंतिफादा पेटला होता. २००८ मध्ये पंतप्रधान ओल्मर्ट यांनी महमूद अब्बास यांना साधारण याच धर्तीचा प्रस्ताव दिला, पण ओल्मर्ट भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे पद सोडण्याच्या बेतात होते. सही झाली नाही.

मार्च २००२ मध्ये बैरुतच्या परिषदेत अरब लीगने मोठी संधी पुढे केली होती. इस्रायलने १९६७ च्या रेषेपर्यंत माघार घ्यावी, निर्वासितांच्या प्रश्नावर न्याय्य आणि उभयपक्षी मान्य तोडगा काढावा, आणि त्या बदल्यात सर्व अरब देश इस्रायलशी सामान्य संबंध ठेवतील. त्याच दिवसांत नेतान्या शहरात हमासच्या आत्मघाती स्फोटात ३० जण मारले गेले, इस्रायली सैन्य वेस्ट बँकेच्या शहरांत घुसले आणि प्रस्ताव बाजूला पडला.

या तोडग्यापुढचा सर्वांत मोठा अडथळा जमिनीवर उभा आहे. १९९३ मध्ये पूर्व जेरुसलेम वगळता वेस्ट बँकेत वसाहतींमधील इस्रायलींची संख्या एक लाखाच्या थोडी वर होती. आज ती पाच लाखांहून अधिक आहे आणि पूर्व जेरुसलेममध्ये आणखी दोन लाखांहून अधिक आहेत. २००५ मध्ये गाझातून सुमारे आठ हजार वसाहतवाल्यांना हलवताना इस्रायलमध्ये केवढा गदारोळ झाला होता, हे आठवले की लाखोंचा प्रश्न किती अवघड आहे ते कळते. म्हणूनच प्रस्तावांमध्ये सीमेलगतच्या मोठ्या वसाहती इस्रायलमध्ये ठेवून त्या बदल्यात तितकीच जमीन पॅलेस्टाईनला देण्याची कल्पना येते.

तोडगा दुसरा : एकच लोकशाही राज्य

नदीपासून समुद्रापर्यंत एकच राज्य आणि सर्वांना समान मताधिकार, ही कल्पना नवी नाही. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या 'ब्रित शालोम' या ज्यू गटाने दोन्ही समाजांच्या सामायिक राज्याचा विचार मांडला होता. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर आणि हिब्रू विद्यापीठाचे प्रमुख जुडा मॅग्नेस हेही दोन्ही लोकांच्या एकत्र राज्याचे पुरस्कर्ते होते. १९६० च्या दशकाच्या शेवटी पीएलओने धर्मनिरपेक्ष लोकशाही राज्याची भाषा केली. ओस्लोनंतर निराश झालेल्या एडवर्ड सईद यांनी १९९९ मध्ये पुन्हा याच दिशेने लिहिले.

या तोडग्याचा युक्तिवाद सरळ आहे. प्रत्यक्षात आजही या संपूर्ण भूभागावर अंतिम सत्ता एकाच सरकारची आहे. पण वेस्ट बँकेत एकाच डोंगरावर राहणाऱ्या दोन माणसांना दोन कायदे आहेत. वसाहतीतल्या इस्रायलीला नागरी कायदा आणि मताधिकार, तर पॅलेस्टिनीला लष्करी न्यायालय. मग हद्दी बदलण्याऐवजी हक्क समान करा, असे हे लोक म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत १९९४ मध्ये हेच झाले, असा दाखला ते देतात.

अडचणीही तितक्याच स्पष्ट आहेत. समान मताधिकार आला तर इस्रायल ज्यू-बहुसंख्य राज्य राहण्याची खात्री उरत नाही आणि इस्रायली ज्यूंची मोठी बहुसंख्या याला तयार नाही. पॅलेस्टिनींनाही स्वतःचे राष्ट्र हवे आहे. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने सर्वांचा एकच देश मागितला होता. इथे दोन राष्ट्रीय चळवळी आहेत आणि दोघींना स्वतःचा झेंडा हवा आहे. सत्तेचे वाटप जमातीनुसार घटनेत बांधले तर काय होते, ते लेबनॉन आणि बोस्निया दाखवतात. लेबनॉनमध्ये १९७५ ते १९९० यादवी झाली. बोस्नियात १९९५ च्या डेटन कराराने रक्तपात थांबवला, पण फूट घटनेतच कायम राहिली.

तोडगा तिसरा : दोन राज्यांचा महासंघ

वरच्या दोन्ही तोडग्यांच्या अडचणी पाहून गेल्या काही वर्षांत मधला मार्ग पुढे आला. २०१२ मध्ये इस्रायली पत्रकार मेरॉन रॅपोपोर्ट आणि पॅलेस्टिनी कार्यकर्ते अवनी अल-मश्नी यांनी सुरू केलेली 'सर्वांसाठी एक भूमी' ही चळवळ या विचाराची आहे. २०२२ मध्ये ओस्लोचे एक शिल्पकार योसी बेलिन आणि पॅलेस्टिनी वकील हिबा हुसैनी यांनीही महासंघाचा आराखडा मांडला.

यात १९६७ च्या रेषेवर दोन सार्वभौम राज्ये असतात, पण सीमा खुली असते. मुख्य कल्पना आहे नागरिकत्व आणि रहिवास वेगळे करण्याची. वेस्ट बँकेतला ज्यू इस्रायलचा नागरिक राहून पॅलेस्टाईनचा कायदा पाळणारा रहिवासी होऊ शकतो. परत आलेला पॅलेस्टिनी निर्वासित पॅलेस्टाईनचा नागरिक राहून इस्रायलमध्ये राहू शकतो. प्रत्येक जण आपल्या राष्ट्राच्या संसदेसाठी मत देतो. जेरुसलेम न तोडता दोघांची राजधानी होते. पाणी, पर्यावरण, अर्थव्यवस्था यांसाठी सामायिक संस्था असतात.

१९९८ च्या उत्तर आयर्लंड करारात याची एक छटा दिसते. तिथला माणूस ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही नागरिकत्वे घेऊ शकतो. पण खुल्या सीमेला विश्वास लागतो, आणि तिथे आज सर्वांत मोठा तुटवडा विश्वासाचाच आहे. शिवाय एक राज्य बलाढ्य आणि दुसरे कंगाल असेल तर 'सामायिक' संस्थेत कोणाचे चालणार, हाही प्रश्न उरतो.

तोडगा चौथा : शेजारी देशांकडे सोपवणे

१९४८ ते १९६७ गाझा इजिप्तच्या ताब्यात होते आणि वेस्ट बँक जॉर्डनमध्ये विलीन केलेली होती. ती स्थिती कुठल्यातरी रूपात परत आणावी, असे काही जण सुचवतात. पण ३१ जुलै १९८८ रोजी राजे हुसेन यांनी वेस्ट बँकेशी जॉर्डनचे प्रशासकीय संबंध तोडल्याचे जाहीर केले. जॉर्डन आणि इजिप्त दोघांचाही आज याला ठाम विरोध आहे. ज्यांच्या भवितव्याचा प्रश्न आहे त्या पॅलेस्टिनींना यात कोणी विचारतच नाही.

पाचवी वाट : सामिलीकरण आणि 'आहे तसे चालू द्या'

याला तोडगा म्हणावे का, हा प्रश्नच आहे. पण व्यवहारात हीच वाट चालू आहे, म्हणून ती समजून घेतली पाहिजे. इस्रायलचे अर्थमंत्री बेझालेल स्मोट्रिच यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या योजनेत पॅलेस्टिनींपुढे राष्ट्रीय आकांक्षा सोडून राहणे किंवा देश सोडणे, असे पर्याय होते. जे लढतील त्यांच्याशी सैन्य निपटेल, असे त्यात होते. २०१८ च्या मूलभूत कायद्याने इस्रायलमध्ये राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यू लोकांचा ठरवला. जुलै २०२४ मध्ये इस्रायली संसदेने पॅलेस्टिनी राज्याच्या स्थापनेविरुद्ध ठराव ६८ विरुद्ध ९ मतांनी मंजूर केला. त्याच महिन्यात, १९ जुलै रोजी, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ताब्यातील पॅलेस्टिनी प्रदेशातील इस्रायलचे अस्तित्व बेकायदेशीर असल्याचे सल्लागार मत दिले.

दुसऱ्या टोकालाही 'सगळे आमचेच' म्हणणारे आहेत. १९८८ ची हमासची सनद इस्रायल नाकारणारी होती. २०१७ च्या दस्तऐवजात हमासने १९६७ च्या रेषेवरचे राज्य हे राष्ट्रीय सहमतीचे सूत्र मानले, पण इस्रायलला मान्यता दिली नाही. ज्यूंनी 'आले तिथे परत जावे' ही घोषणाही याच प्रकारची आहे. इथे आपल्याजवळचे उदाहरण घ्या. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायली, ज्यांना गावात शनवार तेली म्हणत, १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. १९६० च्या दशकात विवाहाच्या बाबतीत 'पूर्ण ज्यू' म्हणून मान्यता मिळावी यासाठी त्यांना तिथेही झगडावे लागले. त्यांची नातवंडे आज तिथेच जन्मलेली आहेत. इराक, येमेन, मोरोक्कोतून आलेल्यांचेही तसेच. या माणसांना परत पाठवायचे कुठे?

आजची स्थिती

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमास आणि अन्य गटांच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० जण मारले गेले, त्यात बहुसंख्य सामान्य नागरिक होते. सुमारे २५० जणांना ओलीस नेले गेले. त्यानंतरच्या इस्रायली हल्ल्यात गाझाच्या आरोग्य मंत्रालयानुसार ६०,००० हून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले. त्यात हजारो मुले आहेत. गाझाची जवळपास सगळी लोकसंख्या विस्थापित झाली.

सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी पॅलेस्टाईन राज्याला मान्यता दिली. त्याच महिन्यात आमसभेने द्विराष्ट्र तोडग्याला पाठिंबा देणारा ठराव १४२ मतांनी मंजूर केला, भारताचे मत बाजूने होते. ऑक्टोबरमध्ये युद्धविराम झाला. नोव्हेंबरमध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २८०३ द्वारे अमेरिकेच्या योजनेला आणि गाझात आंतरराष्ट्रीय दल नेमण्याला मान्यता दिली. त्यात पॅलेस्टिनी राज्याचा उल्लेख आहे, पण 'सुधारणा झाल्या तर वाट खुली होऊ शकते' अशा अटींच्या भाषेत. ओस्लोची आठवण ठेवणाऱ्याला ही भाषा ओळखीची वाटेल.

मग आपण काय पाहायचे?

समाजशास्त्र शिकताना आणि वस्त्यांत काम करताना एक गोष्ट मी शिकले. दोन बाजूंची ताकद समान नसेल तेव्हा "दोघांनी बसून मिटवा" हे वाक्य दिसायला निष्पक्ष असते, पण त्याचा फायदा ताकदवानाला होतो. वाटाघाटी तीस वर्षे 'चालू' राहिल्या आणि वसाहती वाढत गेल्या, याचे कारण हेच. म्हणून बाहेरचा दबाव, आंतरराष्ट्रीय कायदा आणि ठरलेली मुदत यांशिवाय कोणताही तोडगा कागदावरच राहील.

दुसरी गोष्ट म्हणजे राज्ये एक असावीत की दोन, हा प्रश्न शेवटी त्या भूमीवरच्या लोकांनी ठरवायचा आहे. आपण बाहेरून एकच कसोटी लावू शकतो : या तोडग्यात गाझातल्या मुलीला आणि नेतान्यातल्या मुलीला सारखा कायदा, सारखा मताधिकार आणि सारखी सुरक्षितता मिळते का? जो तोडगा यातल्या एकीला कायमची दुय्यम ठेवतो किंवा तिला तिथून हाकलू पाहतो, तो नाकारावा, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

त्या अभ्यास गटातल्या मुलाने शेवटी विचारले होते, "ताई, मग यातला बरोबर कोणता?" मी त्याला वहीत वरचे पाच प्रश्न लिहायला सांगितले. पुढच्या वेळी कोणी घोषणा दिली की त्याने वही उघडावी आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करावी.